वाळवंटातलं गाव वाढतं, तेव्हा आधी कशाची आखणी होते?

तुमचा प्रश्न असा: वाळवंटात झपाट्यानं वाढणारं गाव रस्ते, पाणी, बागा, वाचनालयं यांची आखणी कशी करतं, आणि मुळात पाणीच नसताना तिथं घरं बांधायला परवानगी मिळतेच कशी?

मी अमेरिकेतल्या ऍरिझोना राज्यात, फिनिक्सच्या पूर्वेला गिल्बर्टमध्ये राहतो. नव्या वसाहतींतल्या पावसाच्या पाण्याचा निचरा आखणं हे माझं रोजचं काम. मूळ गाव आटपाडी तालुक्यातलं, त्यामुळे कोरड्या मुलखात वाढलेल्या माणसाच्या नजरेनंच मी इथल्या गोष्टी पाहतो. उत्तर जिथं राहतो त्या भागापुरतंच देतो, कारण दुबई किंवा जैसलमेरची गणितं वेगळी आहेत.

आधी वाढ म्हणजे किती ते बघा. गिल्बर्टची लोकसंख्या १९८० साली ५,७१७ होती, २०२० च्या जनगणनेत ती २,६७,९१८ झाली. आणि कागदोपत्री ते आजही शहर नाही, 'टाउन'च आहे. शेजारचं क्वीन क्रीक २०१० मध्ये २६,३६१ होतं, दहा वर्षांत ५९,५१९ झालं. पाऊस मात्र वर्षाला सात-आठ इंच. आमच्या आटपाडीत याच्या दुपटीहून जास्त पडतो आणि तरी आम्ही स्वतःला दुष्काळी म्हणवतो.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी आधी लेआउट पडतं, प्लॉट विकले जातात, लोक राहायला येतात आणि मग नळयोजनेसाठी मोर्चा निघतो. इथं क्रम उलटा आहे. १९८० साली राज्यानं भूजलाचा कायदा केला. फिनिक्स, टुसॉन अशा ज्या भागांत बेसुमार उपसा चालू होता, तिथं नवी वसाहत टाकायची तर पुढची १०० वर्षं पुरेल एवढं पाणी आहे हे आधी सिद्ध करावं लागतं. नुसतं जमिनीत पाणी असून भागत नाही. ते सतत मिळणारं हवं, पिण्याजोगं हवं, त्यावर तुमचा कायदेशीर हक्क हवा आणि ते आणायची पैशाची ताकदही हवी. एखाद्या गावानं अख्ख्या गावासाठी हे सिद्ध केलेलं असेल तर बिल्डरला गावाचं पत्र पुरतं. नसेल तर त्यानं स्वतः सिद्ध करायचं. हा कागद नसेल तर वसाहतीतला एक प्लॉटही विकता येत नाही.

मग हे पाणी येतं कुठून? थोडं जमिनीतून, थोडं सॉल्ट नदीवरच्या धरणांतून (त्यातलं रूझवेल्ट धरण १९११ चं), आणि बरंचसं कोलोरॅडो नदीतून. कोलोरॅडोचं पाणी ३३६ मैल लांबीच्या कालव्यानं, पंपांनी सुमारे २,९०० फूट वर चढवून आणलं जातं. १९७३ साली काम सुरू झालं आणि वीस वर्षांनी पुरं झालं. टेंभू योजना पाहिलेल्या माणसाला हे लगेच कळेल. नदी खाली, माणसं वर, मधे पंपांचे टप्पे आणि विजेचं बिल.

कायदा चांगला आहे असं माझं मत आहे, पण त्यात एक भोक आहे आणि त्यातून खरी माणसं पडली. नियम लागू होतो सहा किंवा जास्त प्लॉटच्या वसाहतीला. म्हणून काही जण जमिनीचे पाच-पाच तुकडे पाडून विकतात आणि १०० वर्षांच्या कागदातून सुटतात. स्कॉट्सडेल शहराच्या हद्दीला लागून रिओ व्हर्दे फूटहिल्स नावाची वस्ती अशीच वाढली. तिथल्या शेकडो घरांना टँकरनं पाणी यायचं आणि टँकर भरायचे स्कॉट्सडेलच्या नळावर. कोलोरॅडोचं पाणी घटल्यावर शहरानं आधी इशारे दिले आणि १ जानेवारी २०२३ पासून टँकर भरू देणं बंद केलं. मोठमोठ्या घरांतली माणसं शौचालयात ओतायला पावसाचं पाणी साठवू लागली. पुढं राज्याच्या विधिमंडळाला त्यांच्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. ती बातमी वाचताना मला आमच्या वाडीवरच्या टँकरमागची कळशांची रांग आठवत होती. पैसा होता, रस्ते होते, वीज होती. नव्हता तो फक्त पाण्याचा कागद.

त्याच वर्षी जूनमध्ये राज्याच्या जलखात्यानं फिनिक्स भागाचा भूजलाचा हिशेब जाहीर केला. पुढच्या १०० वर्षांत सुमारे ४ टक्के मागणी भूजलातून भागणार नाही, असं त्यात निघालं. त्यामुळे निव्वळ भूजलाच्या भरवशावर नव्या वसाहतींना मंजुरी देणं थांबलं. आधी मंजूर झालेली घरं चालू राहिली. फटका बसला तो बकाय आणि क्वीन क्रीकसारख्या कडेच्या, वेगानं वाढणाऱ्या गावांना.

क्वीन क्रीकनं यावर काय केलं ते तुम्हाला माहीत असायला हवं, कारण 'नियोजन' या शब्दाची दुसरी बाजू तिथं दिसते. कोलोरॅडोच्या काठावर सिबोला नावाची छोटी शेतकरी वस्ती आहे. तिथल्या शेतजमिनीचा वर्षाला २,०३३ एकर-फूट पाण्याचा हक्क गावानं एका गुंतवणूक कंपनीकडून विकत घेतला. एक एकर-फूट म्हणजे सव्वाबारा लाख लिटरच्या आसपास, म्हणजे हे झालं साधारण २५० कोटी लिटर. जवळजवळ दोनशे मैल कालव्यातून ते जुलै २०२३ मध्ये क्वीन क्रीकला पोचलं. नदीकाठच्या काउंट्यांनी (काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा) दावा लावला होता आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय न्यायालयानं सांगितलं की या व्यवहाराच्या परिणामांचा अभ्यास नीट झालेला नाही. क्वीन क्रीकच्या अभियंत्यांनी आपल्या लोकांसाठी जे करायला हवं तेच केलं. पण सिबोलाच्या पडीक राहिलेल्या रानाचा विचार मला सोडत नाही. एका गावाचं नियोजन दुसऱ्या गावाच्या पाटातून वाहतं तेव्हा त्या दुसऱ्या गावालाही बैठकीत खुर्ची हवी.

रस्त्यांबद्दल थोडक्यात सांगतो. जुन्या सर्वेक्षणामुळे सगळी जमीन एक-एक मैलाच्या चौकोनांत आखलेली आहे आणि मोठे रस्ते त्या रेषांवर येतात. आपल्या जमिनीसमोरचा अर्धा रस्ता बिल्डरनं करून द्यायचा, असा नियम. त्यामुळे वाढत्या गावात रस्ता इथं तीन पदरी, पुढं शेत आलं की एक पदरी, परत तीन पदरी असा कुरतडल्यासारखा दिसतो. मधलं शेत विकलं जाईपर्यंत तो तसाच राहतो. सायकलवाल्यांचे यात फार हाल होतात.

आता माझ्या कामाकडे येतो. वाळवंटात पुराची भीती नसेल असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात वर्षाचा बराचसा पाऊस दोन-चार तडाख्यांत पडतो आणि तापलेली कडक जमीन तो पिऊ शकत नाही. जमिनीखाली चुनखडीचा दगडासारखा थर असतो, त्याला इथं 'कलीची' म्हणतात. कुदळ मारली तर ठिणगी उडते. म्हणून नियम असा की आपल्या जागेत पडलेलं पाणी आपल्याच जागेत धरून ठेवायचं. आमच्या मॅरिकोपा काउंटीत बहुतेक ठिकाणी हिशेबाला धरतात तो दोन तासांचा असा पाऊस, ज्याची शक्यता कोणत्याही एका वर्षी शंभरात एक असते. आणि ते पाणी ३६ तासांत जिरलं पाहिजे, नाहीतर डास होतात. तेवढ्या वेळात जिरत नसेल तर चुनखडीचा थर भेदून खोल शोषविहिरी घेतो.

एवढं पाणी धरायचं तर खड्डा मोठा लागतो, आणि कुंपण घातलेला ओसाड खड्डा कोणाला दारासमोर नको असतो. म्हणून इथल्या बहुतेक बागा रस्त्यापेक्षा तीन-चार फूट खोल असतात. एरवी मुलं तिथं क्रिकेटसुद्धा खेळतात, पावसाळ्यात दोन दिवस तळं होतं. झोपाळे, घसरगुंडी, बसायचे बाक आम्ही काठावर उंच ठेवतो. नकाशावर त्या उतारांची रेघ काढताना मला मनापासून आनंद होतो, कारण एकाच जमिनीवर दोन कामं होतात.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण स्कॉट्सडेलमध्ये आहे. शहराच्या मधून इंडियन बेंड नावाचा कोरडा ओढा जातो. लष्कराच्या अभियंता दलाची त्यासाठीची पहिली योजना सरळ काँक्रीटच्या खोल नाल्याची होती. लोकांनी ती नको म्हटली आणि ओढ्याला रुंद, हिरवं पात्र द्यायचं ठरवलं. १९७२ च्या पुरानं त्याची निकड सगळ्यांना पटली. आज तिथं सुमारे अकरा मैल बागा, तळी, मैदानं आणि सायकलवाटा आहेत. पूर आला की सगळं पाण्याखाली जातं, ओसरलं की गाळ काढतात आणि लोक परत फिरायला येतात. तुमच्या गावातल्या ओढ्यावर स्लॅब टाकायची चर्चा चालू असेल तर हे उदाहरण जरूर पुढं करा.

सांडपाण्याचंही तसंच आहे. प्रक्रिया केलेलं सांडपाणी जांभळ्या पाइपांतून वेगळं फिरवतात, म्हणजे पिण्याच्या पाण्याशी गल्लत होत नाही. बागांना, मैदानांना तेच. पॅलो व्हर्दे अणुवीज केंद्र ना समुद्राकाठी आहे ना नदीकाठी. तेही शहराच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावरच थंड ठेवलं जातं. गिल्बर्टनं उरलेल्या पाण्यासाठी पाझर तलाव केले. ११० एकरांच्या जागेत सात तलाव आळीपाळीनं भरतात, आटू देतात, पाणी खाली भूजलात जातं. त्या पाण्यावर झाडं वाढली, झाडांवर पक्षी आले, जवळजवळ तीनशे जातींची नोंद झाली आहे. आणि गावानं त्याच्या शेजारीच सार्वजनिक वाचनालय बांधलं. मुलीला गोष्टीच्या तासाला सोडून मी बगळे बघत बसायचो. एका कामाच्या खर्चात दुसरी सोय कशी बसवायची हे शिकायचं असेल तर ही जागा बघावी.

भूजल भरत राहणं किती गरजेचं आहे, हे क्वीन क्रीकच्या आसपासच्या जमिनीतल्या भेगा सांगतात. वर्षानुवर्षांच्या उपशानं जमीन खचली, चिरली. पावसाचं पाणी आत शिरलं की भेग अचानक उघडते. २००७ च्या पावसाळ्यात अशाच एका भेगेत पडून एक घोडा मेला. आता राज्याचं भूगर्भखातं या भेगांचे नकाशे करतं आणि आम्ही ते नकाशे समोर ठेवल्याशिवाय आखणीला हात घालत नाही.

पैसा. नव्या घराच्या परवानगीबरोबर गाव विकासशुल्क घेतं. राज्याच्या कायद्यानं २०११ पासून त्यावर कडक बंधनं आहेत. गावानं आधी दहा वर्षांचा आराखडा करायचा, कोणत्या नव्या घरांमुळे कोणती टाकी, कोणतं अग्निशमन केंद्र लागणार ते आकड्यांत दाखवायचं, आणि त्यातच पैसे खर्च करायचे. वेळेत झाले नाहीत तर परत करायचे. वाचनालय १०,००० चौरस फुटांपर्यंतच धरता येतं, बाग साधारणपणे ३० एकरांपर्यंत. हिशेब चोख राहतो हे मान्य. पण हे पैसे फक्त बांधकामाला चालतात. ग्रंथपालाचा पगार, तलावावरचा जीवरक्षक, माळ्याची मजुरी यांना त्यातला एक डॉलर लावता येत नाही. मग गावं काय करतात? बाग बिल्डरकडून करून घेतात आणि तिची देखभाल वसाहतीच्या सोसायटीवर सोपवतात. सोसायटी दारावर 'फक्त रहिवाशांसाठी' अशी पाटी लावते. भिंतीच्या अलीकडे पोहण्याचा तलाव आणि पलीकडच्या जुन्या वस्तीतल्या मुलांना साधा झोपाळा नाही, हे मी माझ्याच नकाशांवर पाहिलं आहे. मला हे चुकीचं वाटतं आणि मी बैठकांत तसं बोलतो.

बैठकांना अर्थ आहे, कारण गावाचा सर्वसाधारण आराखडा दर दहा वर्षांनी नवा करून मतदारांसमोर ठेवावा लागतो. लोकांनी मत दिल्याशिवाय तो पक्का होत नाही.

आता सर्वांत कच्ची बाजू: सावली. पाण्याचं गणित इथल्या लोकांनी शंभर वर्षं केलं, उन्हाचं केलं नाही. ३० जून ते ३० जुलै २०२३ असे सलग ३१ दिवस फिनिक्सला पारा रोज ४३ अंशांच्या वर गेला आणि त्या वर्षी एकट्या मॅरिकोपा काउंटीत उष्म्याशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले. एवढं होऊनही रस्त्याच्या आराखड्यात दिव्याचा खांब आपोआप येतो, झाड मात्र 'शक्य असल्यास' या सदरात जातं.

काही वर्षांपूर्वी जवळच्या एका गावात रस्ता रुंद करायच्या सुनावणीला मी होतो. एक म्हातारी बाई उठल्या आणि म्हणाल्या, दवाखान्यासमोरच्या बसथांब्यावर मी छत्री धरून चाळीस मिनिटं उभी असते, तिथं काही कराल का? नकाशा मीच काढला होता आणि त्यात तो थांबा नुसता एक चौकोन होता. आम्ही पदपथ तीन फूट मागं घेतला, रस्त्यावरचं पावसाचं पाणी आळ्यात उतरेल असा कठडा कापला आणि पॅलो व्हर्दे जातीची चार झाडं लावली. मंजुरीला दीड वर्ष गेलं. ती झाडं आता माझ्या डोक्याच्या वर गेली आहेत आणि सकाळी दहापर्यंत बाकावर सावली असते. दुपारची सावली यायला अजून तीन-चार उन्हाळे लागतील.