कमी बजेटमध्ये रेंडरिंगसाठी वर्कस्टेशन असेंबल करायचं असेल तर कुठल्या पार्टवर पैसे घालावेत आणि कुठे वाचवावेत?

तुम्ही लिहिलंय की काम मुख्यतः ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचं, जोडीला थोडं व्हिडिओ एडिटिंग, आय७ घ्यावा की रायझन ७ यावर अडलात, आणि शेवटी जाता जाता, "मित्र म्हणतो कॅबिनेटसोबत येणारा ६०० वॉटचा एसएमपीएस चालून जाईल, वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घाल." प्रोसेसरचं नंतर बोलू. एसएमपीएस म्हणजे मशीनच्या सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा; त्याबाबतीत त्या मित्राचं ऐकू नका.

माझी ताई इंटिरियरचं थ्रीडी काम करते. तिचं मशीन दाजींनी ठरवलं. दाजींना हार्डवेअरची खरी आवड आहे, प्रोसेसरच्या पिढ्या तोंडपाठ आहेत. रायझन ७ ५८००एक्स प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० टीआय ग्राफिक्स कार्ड, ३२ जीबी रॅम. एसएमपीएस मात्र कॅबिनेटसोबत आलेला. मी तेव्हाच विरोध केला होता. "अरे, ६०० लिहिलंय ना त्यावर? आपलं सगळं मिळून चारशेच्या वर जात नाही," असं म्हणून त्यांनी विषय संपवला. बेरीज त्यांची बरोबरच होती: प्रोसेसर पूर्ण जोरात १४२ वॉटपर्यंत, कार्ड २००, बाकी बोर्ड, पंखे, ड्राइव्ह मिळून पन्नासेक. पण त्यांनी वाचला तो आकडा खोक्यावरचा, मोठ्या अक्षरांतला.

मॉडेलिंग करताना मशीनला काहीही व्हायचं नाही. फायनल रेंडर, म्हणजे सीनचं अंतिम चित्र तयार करायला लावलं, की मध्येच कधीतरी स्क्रीन काळी आणि थेट बूटचा लोगो. निळी स्क्रीन नाही, एरर नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, फक्त कर्नल-पॉवर ४१. या नोंदीचा अर्थ एवढाच की मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं. का पडलं ते त्यात नसतं. दाजींनी त्यावरून विंडोज करप्ट झाल्याचं ठरवलं आणि फॉर्मॅट मारला. मग ड्रायव्हर बदलला. मग रॅम बदलून आणली. मग ब्लेंडरची जुनी आवृत्ती टाकली. ताई रात्री रेंडर लावून झोपायची आणि सकाळी तिला लॉगिन स्क्रीन दिसायची. क्लायंटला ती रोज नवी तारीख देत होती आणि वर घरात "तूच सीन फार जड बनवतेस" हेही ऐकत होती. त्या वाक्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

शेवटी ताईनेच मला बोलावलं. मी साइड पॅनल काढलं आणि एसएमपीएसचा स्टिकर वाचला. तुम्हीही हेच करा, म्हणून नीट सांगतो. स्टिकरवर एक तक्ता असतो: ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, १२ व्होल्ट, आणि प्रत्येकाखाली अँपिअर. आजच्या मशीनमध्ये प्रोसेसर आणि कार्ड दोघंही जवळपास सगळी वीज १२ व्होल्टच्या लाइनवरून घेतात. त्या स्टिकरवर १२ व्होल्टखाली २८ अँपिअर होते. २८ गुणिले १२ म्हणजे ३३६ वॉट. उरलेले आकडे ३.३ आणि ५ व्होल्टच्या लाइनवर फुगवून ६०० ची बेरीज जमवलेली. त्यातून कार्डासाठीची ८ पिनची केबल त्यात नव्हतीच, म्हणून जुन्या चार पिनच्या मोलेक्स प्लगला अ‍ॅडॉप्टर जोडून कार्डाला वीज दिली होती. ८ पिनच्या कनेक्टरची क्षमता १५० वॉट, म्हणजे १२ व्होल्टवर साडेबारा अँपिअर; तो भार त्या एका मोलेक्स प्लगवर पडत होता. मोलेक्सच्या त्या प्लगचं पांढरं प्लास्टिक एका पिनेभोवती तपकिरी झालं होतं. मी तो दाजींसमोर धरला. ते म्हणाले, "जुन्या प्लगचा रंग असाच होतो."

मग मी आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणली, म्हणजे १४० वॉट. तोच सीन, तेच विंडोज, तोच ड्रायव्हर. रेंडर हळू चालला, पण पूर्ण झाला. रोग कुठे आहे ते तिथेच सिद्ध झालं होतं. त्यानंतर माझ्या मशीनमधला ६५० वॉटचा एसएमपीएस काढून तिथे बसवला; त्याच्या स्टिकरवर १२ व्होल्टखाली ५४ अँपिअर, म्हणजे ६४८ वॉट. पॉवर लिमिट परत १०० टक्के केली. तेव्हापासून ते मशीन रेंडरमध्ये एकदाही पडलेलं नाही. दाजी आजही म्हणतात की ड्रायव्हरच्या अपडेटने ठीक झालं. त्या दिवशी ड्रायव्हरला कोणी हातही लावला नव्हता. बदलली ती एकच वस्तू.

आणि सरासरी बेरीज जमली म्हणजे भागलं असंही नाही. ग्राफिक्स कार्ड काही मायक्रोसेकंदांसाठी आपल्या ठरलेल्या वॉटच्या बरंच वर उसळी मारतं. म्हणूनच २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपुरता आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार झेलावा अशी अट आली. स्वस्तातला एसएमपीएस या उसळीलाच मान टाकतो. दोष मात्र विंडोज, रॅम, ड्रायव्हर आणि वापरणाऱ्या बाईवर जातो.

तेव्हा प्रोसेसर आणि कार्डाच्या कमाल वॉटची बेरीज करा, बाकीचे पन्नास-साठ मिळवा, आणि १२ व्होल्टच्या लाइनवर त्याच्या दीडपट क्षमता असलेला, नावाजलेल्या मालिकेतला एसएमपीएस घ्या. नुसतं ८० प्लसचं चिन्ह बघून भाळू नका. ते फक्त कार्यक्षमता सांगतं: ११५ व्होल्टच्या चाचणीत अर्ध्या लोडवर ब्राँझ ८५ टक्के, गोल्ड ९०. ओव्हरकरंट, ओव्हरपॉवर ही जास्त भारापासूनची संरक्षणं आहेत की नाहीत हे त्या चिन्हावरून कळत नाही. मॉड्युलर, म्हणजे केबली काढता-लावता येणारा, घेतलात तर जुन्या एसएमपीएसच्या केबली नव्याला कधीही लावू नका. ड्राइव्हकडचं टोक सारखंच असतं, एसएमपीएसकडच्या टोकाची पिनरचना कंपनीगणिक वेगळी असते. ड्राइव्ह जळतात.

आता आय७ की रायझन ७. तुम्ही सायकल्समध्ये (ब्लेंडरचं रेंडर इंजिन) ऑप्टिक्सवर (एनव्हिडियाच्या कार्डावर रेंडर करायची सोय) काम करणार असाल तर हा वाद जवळजवळ गैरलागू आहे, कारण काम कार्ड करतं. सहा-आठ कोअरचा बऱ्यापैकी प्रोसेसर घ्या आणि फरकाचे पैसे कार्डाच्या मेमरीत घाला. वेगात नव्हे, मेमरीत. आरटीएक्स ३०६० टीआय ८ जीबीचं, साधं ३०६० मूळचं १२ जीबीचं. टीआय वेगवान आहे हे खरं. पण सीन मेमरीत मावला नाही की रेंडर रखडतो किंवा थेट आउट ऑफ मेमरी म्हणून थांबतो, तिथे वेगाचा काय उपयोग? झाडंझुडपं आणि ४के टेक्स्चर भरलेल्या सीनला ८ जीबी पटकन कमी पडतात. हाही वाद माझा दाजींशी झाला होता आणि ताई आता टेक्स्चर लहान करत बसते.

व्हिडिओचं फुटेज ४:२:२ १०-बिट एचईव्हीसी (रंगांची जास्त माहिती साठवणारा, काही कॅमेऱ्यांचा व्हिडिओ प्रकार) असेल तरच इंटेलकडे झुका. ११व्या पिढीपासून त्यांच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये त्याचं हार्डवेअर डीकोडिंग आहे. एनव्हिडियाकडे ते २०२५ च्या ५० मालिकेपासून आलं. मात्र नावाच्या शेवटी 'एफ' असलेला प्रोसेसर घेऊ नका, त्यात अंगभूत ग्राफिक्सच नसतं.

रॅम ३२ जीबी, दोन काड्यांत. एकच काडी लावली तर बँडविड्थ, म्हणजे सेकंदाला जाणारा डेटा, अर्धी होते. डीडीआर४-३२०० च्या एका चॅनेलला सेकंदाला २५.६ जीबी, दोनांना ५१.२. पुढे वाढवायचा विचार असेल आणि डीडीआर५ घेत असाल तर चार काड्यांचा बेत नको. रायझन ७००० वर चार काड्या लावल्या की अधिकृत वेग ३६०० पर्यंत खाली येतो. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅमला तिच्या जाहीर वेगावर चालवणारी सेटिंग) चालू करायला विसरू नका, नाहीतर जास्त वेगाच्या रॅमचे पैसे भरून मूळ वेगावर काम करत राहाल.

वाचवायचं कुठे? एसएसडीत. जेन३ ची सेकंदाला ३५०० एमबी आणि नव्या पिढीच्या जेन४ ची ७००० एमबी यांतला फरक ब्लेंडरची फाइल उघडताना जाणवतही नाही. काचेच्या कॅबिनेटात आणि रंगीत दिव्यांत तर एक पैसाही घालू नका. पुढे जाळी असलेलं साधं कॅबिनेट हवा जास्त खेळवतं. मदरबोर्ड मधला घ्या, व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणारा बोर्डावरचा भाग) हीटसिंक आहे एवढं बघून. प्रोसेसर सेकंडहँड घ्यायला माझी हरकत नाही, ते सहसा मरत नाहीत. एसएमपीएस सेकंडहँड कदापि नको. कुठला पार्ट कुणाला किती अडवतो ते सांगणारे ऑनलाइन 'बॉटलनेक कॅल्क्युलेटर' निरर्थक आहेत, त्यांच्या टक्क्यांवरून काही ठरवू नका.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. कॅबिनेटसोबत येणारा प्रत्येक एसएमपीएस वाईट असतो असं नाही. काही कंपन्या चांगले देतात, स्टिकर वाचून ठरवा. अगदीच अनोळखी नावाचा असेल तर स्टिकरवरही भरवसा नको, लोड टेस्टरवर केलेला रिव्ह्यू शोधा. वेगळं कार्ड न लावता अंगभूत ग्राफिक्सवरच काम करणार असाल तर लहान, पण चांगला एसएमपीएस पुरतो. आणि अचानक होणारं प्रत्येक रीस्टार्ट एसएमपीएसमुळेच असतं असंही नव्हे, प्रोसेसर तापला तरी मशीन बंद पडतं; तापमान आधी बघा.

मशीन जुळवल्यावर परत करण्याची मुदत संपायच्या आत रात्रभर मेमटेस्ट८६ ही रॅमची चाचणी चालवा, आणि दुसऱ्या दिवशी ब्लेंडरच्या सेटिंगमध्ये ऑप्टिक्सखाली कार्ड आणि प्रोसेसर दोन्हींवर टिक करून तुमचा सगळ्यात जड सीन काही तास लावून ठेवा. पडलं तर मित्राला विचारत बसू नका, फॉर्मॅटही मारू नका. पॉवर लिमिट ७० वर आणून तोच सीन पुन्हा लावा. तेव्हा टिकलं, तर आधी एसएमपीएस बदलून आणा.