राइट क्लिकचा मेन्यू: जागा चुकते, कधी ओळही

तुमच्या वेबपेजवर राइट क्लिकला तुमचा स्वतःचा मेन्यू उघडायचाय. पान खाली सरकवल्यावर तो दिसत नाही म्हणताय, पण तो उघडतोय, फक्त वर, नजरेबाहेर. तुम्ही घेतलेले क्लायंटएक्स-क्लायंटवाय, म्हणजे क्लिकच्या जागेचे आकडे, खिडकीच्या कोपऱ्यापासून मोजलेले असतात आणि मेन्यूची पोझिशन ॲब्सोल्यूट, म्हणजे पानाच्या सुरुवातीपासून. ती फिक्स्ड करा, म्हणजे तीही खिडकीपासून मोजली जाईल. मेन्यूचा डिव्ह (एचटीएमएलमधला चौकोनी डबा) मात्र थेट बॉडीत, पानाच्या मुख्य भागात ठेवा, कारण वरच्या एखाद्या डिव्हला ट्रान्सफॉर्म (सरकवणं, फिरवणं) असेल तर फिक्स्डही त्याच्यापासूनच मोजतं.

ब्राउझरचा मेन्यूही सोबत येतो, कारण तुम्ही माउसडाउन, म्हणजे नुसतं माउसचं बटण दाबल्याचा इव्हेंट पकडलाय. मेन्यू मागितल्यावर येणारा कॉन्टेक्स्टमेन्यू इव्हेंट पकडा, ब्राउझरचा मेन्यू थांबवणारं प्रिव्हेंटडिफॉल्ट तिथे करा. कीबोर्डवरच्या मेन्यू बटणानेही हाच इव्हेंट येतो, तो फुकटात मिळतो. इनपुटच्या चौकटीत मात्र ब्राउझरचाच मेन्यू राहू द्या, लोकांना तिथे पेस्ट करायचं असतं.

आता तुम्ही न विचारलेलं. तुमच्या कोडमध्ये मेन्यू उघडताना 'ओळ कितवी' हे साठवलंय. मीही तेच केलं होतं, सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाच्या हळदीच्या सौद्यांसाठी. यादी दर पाच सेकंदांनी ताजी व्हायची. दुकानाचा हिशेब बघणाऱ्या दिवाणजींनी राजापुरी हळदीच्या एका लॉटवर (विक्रीला आलेल्या ढिगावर) राइट क्लिक केलं, तेवढ्यात कुणीतरी समोर येऊन बसलं, चहा झाला, मग त्यांनी 'रद्द करा' दाबलं. मधल्या वेळेत वर दोन नवे लॉट आले होते. रद्द झाला भलत्याच शेतकऱ्याचा. दिवाणजींचा फोन आला, "विक्रीच्या हिशेबाची पट्टी कुणाच्या नावानं करू? तुमच्या?"

तेव्हापासून प्रत्येक ओळीवर लॉटचा आयडी डेटा ॲट्रिब्यूटमध्ये (एचटीएमएलमध्ये जोडलेल्या माहितीत) ठेवतो. पूर्ण टेबलावर इव्हेंट ऐकणारा एकच लिसनर, क्लिकच्या जागेपासून वर शोधणाऱ्या क्लोजेस्टने ओळ शोधायची, आयडी मेन्यू उघडतानाच उचलायचा. शिवाय मेन्यूच्या डोक्यावर लॉट नंबर आणि शेतकऱ्याचं नाव. दिवाणजी वाचूनच पुढे जातात.

त्यांचा मॉनिटर लहान, शेवटच्या ओळींवर मेन्यू खाली कापला जायचा. उंची मोजून तो वर उलटवायचा. पण डिस्प्ले नन, म्हणजे मेन्यू पूर्ण गायब असताना मोजलं तर शून्यच येतं. आधी व्हिजिबिलिटी हिडन (जागा घेणारा, पण न दिसणारा) ठेवून मांडा, गेटबाउंडिंगक्लायंटरेक्टने उंची मोजा, मग जागा द्या. यातली गंमत अशी की 'रद्द करा' सुरक्षित म्हणून सगळ्यात खाली ठेवलं होतं, आणि मेन्यू वर उलटला की नेमकं तेच माउसच्या बाणाच्या टोकाशी येतं. शेवटी त्याला 'नक्की?' विचारायला लावलं.

एस्केप, बाहेर क्लिक आणि स्क्रोल, तिन्हींवर मेन्यू बंद करा. फायरफॉक्समध्ये शिफ्ट धरून राइट क्लिक केलं की ब्राउझरचा मेन्यू येतोच, तेव्हा ब्राउझरचा मेन्यू थांबवून काही लपवलंय असं समजू नका.

आयफोनच्या सफारीत दाबून धरलं तरी कॉन्टेक्स्टमेन्यू इव्हेंटचा भरवसा नाही. म्हणून प्रत्येक ओळीच्या शेवटी तीन टिंबांचं बटण दिलं, तोच मेन्यू उघडणारं. आता दिवाणजी कॉम्प्युटरवरही तेच दाबतात.