इंग्रजी बोलताना ‘आय ॲम सो स्टोक्ड’ म्हणतात, त्याचा अर्थ काय आणि हा शब्द आला कुठून?

‘स्टोक्ड’ म्हणजे एखाद्या गोष्टीमुळे जाम खूश, उत्साहाने पेटलेला. ‘पेटलेला’ हे इथे अक्षरशः घ्या, कारण शब्द भट्टीतूनच आलाय. डच भाषेत ‘स्टोकन’ म्हणजे आगीत इंधन सारणे. त्यावरून 17व्या शतकात इंग्रजीत ‘स्टोकर’ आला, म्हणजे भट्टीत इंधन घालणारा माणूस. गंमत अशी की क्रियापद नंतरचं: ‘स्टोकर’चं शेपूट छाटून ‘स्टोक’ तयार झालं. पुढे वाफेच्या इंजिनात फावड्याने कोळसा टाकणारा तोही स्टोकरच. उत्साहाचा आजचा अर्थ रूढ केला तो 1950च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या सर्फिंग करणाऱ्यांनी. तिथून तो स्केटबोर्डवाल्यांकडे आणि मग सगळीकडे गेला.

वापरताना पुढे ‘अबाउट’, ‘फॉर’ किंवा ‘टू’ लावा: ‘स्टोक्ड अबाउट द ट्रिप’, ‘स्टोक्ड टू मीट यू’. उच्चार ‘स्टोक्ट’च्या जवळ जातो, शेवटचा ‘ड’ ठासून म्हणू नका. आणि ‘स्टॉक्ड’ लिहिलंत तर अर्थ होतो ‘माल भरलेला’. ही चूक सर्रास दिसते.

मात्र हा मित्रांतला शब्द आहे. नोकरीच्या अर्जात ‘एक्सायटेड’ किंवा ‘डिलायटेड’च बरा. शिवाय बातम्यांत ‘स्टोक्ड फिअर्स’ दिसलं तर तिथे आनंद शोधू नका, तिथे भीतीला खतपाणी घातलेलं असतं.