सरकार बदलल्यावर नगरप्रशासनातील नोकरीचे काय?

प्रश्न : माझी मुलगी ठाण्यात राज्यशास्त्र घेऊन बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला शिकते. तिला नगरप्रशासनात काम करायचे आहे. पण दिल्लीत सरकार बदलले की सगळी घडी बदलते. मग या क्षेत्राचा भरवसा कसा धरावा? – एक पालक, कळवा

सप्रेम नमस्कार.

आपली शंका रास्त आहे. मात्र सत्तांतराने नेमके काय बदलते, हे आधी पाहायला हवे. २००५ साली सुरू झालेले जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान २०१४ नंतर मागे पडले आणि जून २०१५ मध्ये स्मार्ट सिटी व (शहरांतील पाणीपुरवठा, मलनिःसारण यांसाठीची) अमृत या योजना आल्या. ठाण्याची स्मार्ट सिटीसाठी निवड २०१६ मध्ये झाली, त्यासाठी स्वतंत्र कंपनी निघाली आणि मार्च २०२५ अखेर ते अभियानही संपले. अशा योजनांसाठी घेतलेले सल्लागार व समन्वयक बहुधा कंत्राटी असतात. आपली भीती खरी ठरते ती या नोकऱ्यांबाबत.

कायद्याची चाल निराळी असते. १९७७ च्या जनता सरकारने पंचायत राज्याच्या सुधारणेसाठी अशोक मेहता समिती नेमली, १९७८ मध्ये तिचा अहवाल आला आणि पुढच्याच वर्षी ते सरकार कोसळले. १९८९ मध्ये पंचायती व नगरपालिकांना घटनात्मक दर्जा देणारी राजीव गांधी सरकारची घटनादुरुस्ती विधेयके राज्यसभेत अडली. अखेर नरसिंह राव यांच्या काळात, १९९२ च्या डिसेंबरात, पंचायतींसाठीची ७३ वी व नगरपालिकांसाठीची ७४ वी घटनादुरुस्ती संसदेत संमत झाली आणि त्यानंतर आलेल्या एकाही सरकारने ती चौकट मोडलेली नाही. तरीही राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीतील, म्हणजे नगरसंस्थांच्या कामांच्या यादीतील, १८ विषयांपैकी महापालिकांकडे काय सोपवायचे, हे राज्य विधिमंडळच ठरवते. म्हणून मुलीने संसदेच्या बातम्यांपेक्षा (बहुतेक विद्यार्थी तिथेच अडकतात) नगरविकास विभागाचे शासन निर्णय वाचावेत.

कायम पदासाठी राज्यसेवा परीक्षेतून मिळणारे मुख्याधिकारीपद माझ्या मते सर्वांत भक्कम. पण हा प्रशासकीय प्रमुख महापालिकेत नव्हे, तर लहान शहरांच्या नगरपरिषदेत असतो, म्हणजे आपल्या जिल्ह्यात अंबरनाथ किंवा बदलापूर, ठाणे नव्हे, आणि बदलीही राज्यभर होऊ शकते. तयारी सुरू करण्यापूर्वी तिने महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मधील बंधनकारक कर्तव्यांचे कलम ६३ व स्वेच्छाधीन कर्तव्यांचे कलम ६६ वाचून, ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांच्या अंदाजपत्रकांत त्या कामांसाठी किती तरतूद आहे, ते ताडून पाहावे. त्यात तिचे मन रमले नाही, तर तसे निःसंकोच कळवा. दुसरा मार्ग शोधू.