नवी गाडी सारखी बंद पडतेय, दाद कुठे मागायची?

प्रश्न: आम्ही जुळे सोलापुरात राहतो. दिवाळीला पुण्यातल्या एका शोरूममधून साडेनऊ लाखांची नवी कार घेतली, चालता चालता इंजिन बंद पडतं, शोरूमवाले दरवेळी सॉफ्टवेअर अपडेट करून परत देतात. बदलून मिळेल का? केस पुण्यातच करावी लागेल का?

उत्तर: नाही हो, पुण्याला खेटे घालायची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, म्हणजे सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात, ५० लाखांपर्यंतची खरेदी तिथे चालते, तुमच्या रकमेला फी २०० रुपये आणि वकील नसला तरी चालतं. पण सगळं अडतं ते जॉबकार्डवर, म्हणजे गाडी दुरुस्तीला देताना शोरूमवाले तुमची तक्रार ज्यावर लिहितात त्या कागदावर. दरवेळी तक्रार तुमच्याच शब्दांत लिहून घ्या, नुसतं ‘जनरल चेकअप’ लिहिलं असेल तर सही करूच नका, कारण दोष मुळातलाच आहे हे दाखवायची जबाबदारी तुमच्यावर येते, त्यासाठी आयोगाकडे तज्ज्ञ तपासणी मागा. कंपनी आणि डीलर दोघांनाही तक्रारीत पार्टी, म्हणजे विरुद्ध पक्ष, करा. पार्ट बदलून भागणार असेल तर नवी गाडी मिळणं अवघड, मग दुरुस्ती आणि भरपाई. तक्रार करायची मुदत २ वर्षं, वॉरंटीच्या भरवशावर ती घालवू नका. आणि तोवर कृपा करून ही गाडी हायवेला काढू नका.