डबल अंडर एकाच्या पुढे का जात नाही?

तुमची सातवीतली मुलगी साध्या दोरीउड्या सलग शंभर मारते, पण डबल अंडर, म्हणजे एका उडीत दोरीचे दोन फेरे, एक झाला की अडकते. तिची उडी कमी पडते का, असं विचारलंय.

उडी बहुधा पुरेशी असते, अडतं हातात. दुसरा फेरा काढायच्या घाईत कोपरं बाहेर जातात. हात फाकले की दोरी तोकडी पडते आणि पायाच्या बोटांना लागते. मग मुलं गुडघे पोटाशी घेतात किंवा टाचा मागे मारतात. एक निघतो, पण पाय टेकताना तोल गेलेला असतो, पुढची उडी बसतच नाही. मोबाईलवर बाजूने स्लो मोशनमध्ये चित्रण करा, लगेच दिसेल.

काही दिवस दोरीशिवाय करू दे. सरळ उडी, आणि पाय टेकायच्या आत मांड्यांवर दोन थापा. हे सहज जमलं की दोरीच्या दोन्ही मुठी एकाच हातात धरून दोरी अंगाच्या बाजूला फिरवायची, एका उडीत जमिनीवर दोन फटके ऐकू आले पाहिजेत. हात बदलून करा, डावा हमखास मागे असतो. मग दोन साध्या, एक डबल. पुढे एक साधी, एक डबल. ही जोडी दहा वेळा न अडखळता झाल्याशिवाय सलग डबलच्या मागे लागू नका. कोपरं बरगड्यांजवळ, फिरवायचं मनगटाने.

दोरीच्या मध्यावर एक पाय ठेवला की मुठी काखेपर्यंत याव्यात. ४-५ मिमी जाडीची पीव्हीसी दोरी घ्या, फेरा हाताला जाणवतो. तारेची दोरी वेगवान, पण चुकली की पोटरीवर वळ उठतो आणि चिऱ्यांच्या अंगणात तिचं वेष्टन लवकर घासतं. खाऱ्या हवेत मुठीतलं बेअरिंगही गंजतं, पुसून ठेवा. मिरामार किनाऱ्याच्या वाळूवर तर नकोच, वाळू उडी खाते. पावसाळ्यात ओल्या टाइल्सपेक्षा देवळाचा कोरडा सभामंडप बरा, विचारून.

एक दिवसाआड दहा-पंधरा मिनिटं पुरेत. नडगी दुखली तर दुखणं जाईपर्यंत उड्या बंद.

क्रॉस डबल आत्ता नको. त्यात पहिला फेरा उघडा, दुसरा हातांची फुली करून, आणि फुली कंबरेशी, मुठी अंगाच्या बाहेर. साधा क्रॉस, म्हणजे फुली करून एकच फेरा, पक्का नसेल तर तिथे दोरी चेहऱ्यावर बसते.