रेकॉर्डर आणि सिक्वेन्सर जुळत नाहीत? आधी घसरण कशी होते ते पाहा

तुमची अडचण मला समजली ती अशी: गिटार आणि गाणं आठ ट्रॅकच्या डिजिटल रेकॉर्डरवर, त्याच्याच मेट्रोनोमवर ९६ च्या टेम्पोला रेकॉर्ड केलंय. ड्रम्स आणि बेस कॉम्प्युटरवरच्या सिक्वेन्सरमध्ये (नोटा क्रमाने वाजवणारा प्रोग्रॅम), तिथेही टेम्पो ९६. रेकॉर्डर मास्टर (वेळ देणारा), सिक्वेन्सर स्लेव्ह (त्याच्या मागे चालणारा), मधे मिडी टाइम कोड म्हणजे एमटीसी, मिडी केबलमधून जाणारे वेळेचे मेसेज. सुरुवात बरोबर होते, पण चार मिनिटांच्या गाण्याच्या शेवटी ड्रम्स साधारण पाव सेकंद मागे पडलेले असतात. केबल बदलली, ड्रायव्हर पुन्हा टाकला, फरक नाही.

केबलचा दोष असता तर असं झालं नसतं. सिंक बिघडला की पहिल्यांदा घसरणीची तऱ्हा बघायची. पहिल्या ठोक्यापासून शेवटपर्यंत फरक तेवढाच राहत असेल तर तो ऑफसेटचा (सुरुवातच पुढेमागे असण्याचा) किंवा लेटन्सीचा (आवाज उशिरा निघण्याचा) मामला. मधेच एकदम उडी पडत असेल तर मेसेज गळताहेत, किंवा टेम्पो मॅपमध्ये (गाण्यातल्या टेम्पोच्या आखणीत) कुठेतरी बदल राहून गेलाय. आणि फरक हळूहळू, एकसारखा वाढत असेल तर दोन यंत्रांचा एक सेकंद सारख्या लांबीचा नाही. तुमचं हे तिसरं आहे.

आता आकडा बघा. चार मिनिटं म्हणजे २४० सेकंद, आणि घसरण ०.२४ सेकंदाच्या आसपास. म्हणजे हजारात एक. दोन यंत्रांच्या क्रिस्टलमधला, म्हणजे आतल्या घड्याळांमधला, नैसर्गिक फरक एवढा कधीच नसतो. तो दहा लाखांत काही दहांचा असतो. पन्नास धरला तरी चार मिनिटांत १२ मिलिसेकंद होतात. हजारात एकाचा फरक दिसला की माझी नजर आधी फ्रेम रेटकडे, म्हणजे टाइम कोड एका सेकंदाचे किती भाग (फ्रेम) मोजतो त्याकडे, जाते, कारण ३० आणि २९.९७ यांच्यातलं अंतर नेमकं तेवढंच आहे.

यात एक मेख आहे. एमटीसीचा मेसेज स्वतःचा फ्रेम रेट सोबत घेऊन येतो, म्हणून बहुतेक सॉफ्टवेअर तो आपोआप ओळखतात. पण त्या माहितीला जागा फक्त दोन बिटांची. त्यात चारच पर्याय बसतात: २४, २५, ३० ड्रॉप आणि ३० नॉन-ड्रॉप (ड्रॉप म्हणजे काय ते पुढे सांगतो). २९.९७ नॉन-ड्रॉपसाठी वेगळी खूण नाहीच. रेकॉर्डर २९.९७ नॉन-ड्रॉपवर असेल तर सिक्वेन्सरला पोचतं ते ‘३०’, आणि तो बिचारा प्रत्येक फ्रेम सेकंदाचा तिसावा भाग समजून मोजत राहतो. फ्रेम येतात किंचित सावकाश, म्हणून सिक्वेन्सरही सावकाश चालतो आणि ड्रम्स मागे पडतात. तुमच्याकडे घडतंय तेच.

उपाय सोपा आहे. रेकॉर्डरच्या सिंक मेनूत जाऊन फ्रेम रेट २५ करा, सिक्वेन्सरमध्येही २५. व्हिडिओशी संबंध नसेल तर २९.९७ च्या वाटेला जाऊच नये. (ड्रॉप फ्रेम तर आणखी वेगळं प्रकरण. त्यात फ्रेम गाळल्या जात नाहीत, नुसते आकडे गाळले जातात: दर मिनिटाला ०० आणि ०१ हे दोन, प्रत्येक दहावं मिनिट सोडून. गाण्यासाठी त्याचा काडीचा उपयोग नाही.) रेट बदलल्याने रेकॉर्ड केलेल्या आवाजाला धक्का लागत नाही, कारण हार्ड डिस्कवरचे रेकॉर्डर टाइम कोड चालता चालता सॅम्पल (आवाजाचे साठवलेले बारीक नमुने) मोजून तयार करतात. टाइम कोडचा सिंक ट्रॅक वेगळा छापून (रेकॉर्ड करून) ठेवला असेल तर मात्र तो पुन्हा छापावा लागेल. सिक्वेन्सरमधला स्टार्ट ऑफसेटही पुन्हा तपासा, कारण तो फ्रेममध्ये लिहिलेला असतो. एक यंत्र शून्य तासापासून आणि दुसरं एक तासापासून मोजतंय, हा गोंधळ नेहमीचाच.

गाणं रेकॉर्डरवर अगदी शून्यापासून सुरू केलं असेल तर पुढच्या वेळी काही सेकंद मोकळे सोडा. एमटीसीत एका पूर्ण वेळेसाठी मेसेजचे आठ तुकडे लागतात, ते यायला दोन फ्रेम जातात, आणि त्यानंतरही सिक्वेन्सर लॉक व्हायला थोडा अवधी घेतो. तेवढ्यात पहिली सम निघून गेलेली असते.

मिडी क्लॉक वापरू का, असंही तुम्ही विचारलंय. मिडी क्लॉक म्हणजे पायाने धरलेला ठेका, एमटीसी म्हणजे भिंतीवरचं घड्याळ. क्लॉक दर क्वार्टर नोटला २४ टिक पाठवतो. किती वाजले ते त्याला माहीत नसतं. जागा सांगायला साँग पोझिशन पॉइंटर लागतो आणि तोही सोळाव्या भागाच्या नोटांत मोजतो. टेम्पो तुमच्या रेकॉर्डरमध्ये आहे, गाणं सरळ ९६ ला आहे, तेव्हा क्लॉकनेही काम होईल. पण पुढे कुठे लय वाढवायची झाली तर ते रेकॉर्डरच्या छोट्या पडद्यावर करत बसावं लागेल. टेम्पो सिक्वेन्सरमध्ये ठेवायचा असेल तर एमटीसीच बरा. दोन्ही एकाच वेळी पाठवू नका.

प्ले-स्टॉप कॉम्प्युटरवरून हवं असेल तर त्यासाठी मास्टर बदलायची गरज नाही. मिडी मशीन कंट्रोल चालू करा आणि उलट दिशेची मिडी केबलही जोडा. कॉम्प्युटर ‘चल’ म्हणेल, रेकॉर्डर चालू होईल आणि वेळ रेकॉर्डरच देईल. डिव्हाइस आयडी दोन्हीकडे सारखा हवा.

आता पुढचा खड्डा, ज्यात तुम्ही अजून पडला नाहीत. सिक्वेन्सरमध्ये उद्या ऑडिओही रेकॉर्ड करायला लागलात की एमटीसी पुरणार नाही. मिडी नोटा एमटीसीच्या मागे निमूट धावतात, पण साउंड कार्ड स्वतःच्या क्रिस्टलवर चालतं. ऑडिओचा तुकडा वेळेवर सुरू होईल आणि नंतर आपल्या चालीने जाईल. लांब गाण्यात वर सांगितलेले ते दहा-बारा मिलिसेकंद ऐकू येतात. इथे सॅम्पल क्लॉक एकच हवा: रेकॉर्डरचा एसपीडीआयएफ (डिजिटल ऑडिओचा) आउट इंटरफेसच्या, म्हणजे साउंड कार्डच्या, इनला जोडा, इंटरफेसचा क्लॉक सोर्स एक्स्टर्नल करा, सॅम्पल रेट दोन्हीकडे सारखा ठेवा. वर्ड क्लॉकची (सॅम्पल क्लॉक वेगळ्या केबलने देण्याची) सोय असेल तर तोही चालेल. दोघांनाही एकमेकांचे स्लेव्ह करू नका, आणि डिजिटल जोडणी करून दोघांनाही इंटर्नलवर ठेवू नका. नाहीतर मधून मधून टकटक ऐकू येईल आणि तुम्ही पुन्हा केबलच बदलत बसाल.

फ्रेम रेट बदलल्यावर खात्री अशी करा. सिक्वेन्सरचा क्लिक रेकॉर्डरच्या एका रिकाम्या ट्रॅकवर पूर्ण गाणंभर घ्या. थांबवा, मागे या आणि तोच क्लिक दुसऱ्या ट्रॅकवर पुन्हा घ्या. एक डावीकडे, एक उजवीकडे पॅन करून शेवटचं मिनिट ऐका. दोन्ही क्लिक जवळजवळ एकच ऐकू आले तर लॉक दर वेळी सारखा लागतोय. एमटीसीत काही मिलिसेकंदांची थरथर राहतेच, ती सोडून द्या. मग त्यातला एक क्लिक मूळ गिटारशी लावून बघा.

आणि शेवटचं मिक्स कॉम्प्युटरवरच करणार असाल तर, माझं मत विचाराल तर, रोज सिंक करण्याची यातायात करूच नका. रेकॉर्डर वेव्ह फाइल देत असेल तर सगळे ट्रॅक शून्यापासून एक्सपोर्ट करा. देत नसेल तर एसपीडीआयएफमधून दोन-दोन करत चार फेऱ्यांत आठही आत घ्या. आधी प्रत्येक ट्रॅकच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेत एकाच क्षणी एक टिक रेकॉर्ड करून ठेवा, म्हणजे वेव्हफॉर्म बघून फेऱ्या एकमेकांशी जुळवता येतील.